चार्टर शाळेच्या बोर्डावर येण्याचं निमंत्रण: शाळा कोणाची, पैसा कुठून येतो आणि तुमच्यावर काय येतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सॅन होजेतल्या एका चार्टर शाळेत चौथीत आहे आणि मुख्याध्यापिकेने तुम्हाला शाळेच्या बोर्डावर येण्याबद्दल विचारलंय. ही शाळा सरकारी की खाजगी, तिचा पैसा नेमका कुठून येतो आणि बोर्डावर बसलं तर आपल्यावर काय जबाबदारी येते, हे तुम्हाला नीट कळत नाहीये. कॅलिफोर्नियातल्या चार्टर शाळांची बजेटं, हिशेब आणि मान्यतेच्या नूतनीकरणाची कागदपत्रं करण्यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. अमेरिकेत चार्टरचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. खाली जे आहे ते फक्त कॅलिफोर्नियाचं. टेक्सासमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी ते आपल्याला लागू धरू नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. शाळा सार्वजनिक आहे: पैसा सरकारी, पण कारभार मंजूर झालेल्या कराराप्रमाणे, म्हणजे चार्टरप्रमाणे चालतो. फी घेता येत नाही, धर्म शिकवता येत नाही, परीक्षा किंवा मुलाखत घेऊन मुलं निवडता येत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर जाहीर सोडत काढावी लागते. राज्याच्या चाचण्या याच मुलांनाही द्याव्या लागतात आणि निकाल इतर सरकारी शाळांच्याच तक्त्यात लागतात. पालकांकडून देणगी मागता येते, पण ती पूर्ण ऐच्छिक असली पाहिजे. देणगी दिली नाही किंवा स्वयंसेवेचे तास भरले नाहीत म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. गणवेश आणि देणगीची पत्रकं पाहून आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना ही शाळा खाजगी वाटते आणि ती अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

शाळा सार्वजनिक असली तरी ती चालवतो बहुतेक वेळा एक विनानफा न्यास, आणि त्या न्यासाचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं नसतं. तुम्हाला बोलावणं आलंय ते या बोर्डाचं. (काही चार्टर शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, स्वतःच चालवतं. तिथे वेगळं बोर्ड नसतं, म्हणून त्या इथे बाजूला ठेवते.)

तुम्ही महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेशी तुलना केलीत. ती बरीचशी बरोबर आहे: संस्था खाजगी, पैसा सरकारी. पण जिथे ती तुटते तिथेच तुमच्या सगळ्या जबाबदारीचं मूळ आहे. महाराष्ट्रात सरकार अनुदान देतं ते मंजूर पदांवर. संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरतात, वेतनश्रेणी शासनाची असते आणि पगार शालार्थ प्रणालीतून निघतो. संस्थाचालकांच्या हातात इमारत, नेमणुका आणि थोडं वेतनेतर अनुदान. कॅलिफोर्नियात राज्य एकाही चार्टर शिक्षकाचा पगार ठरवत नाही आणि देतही नाही. राज्य मुलामागे पैसे मोजतं, तेही वर्गात हजर असलेल्या मुलामागे, आणि सगळी रक्कम शाळेच्या खात्यात टाकतं. त्यातून शिक्षक किती, पगार किती, भाडं किती, गंगाजळीत किती, हे बोर्ड ठरवतं. पटसंख्या चुकली तर खड्डा बोर्डाने भरायचा. त्या खड्ड्यासाठी राज्य वेगळी तरतूद करत नाही.

थोडा इतिहास, कारण आजचे नियम त्याच्या वळणांमधूनच आले आहेत. देशातला पहिला चार्टर कायदा १९९१ चा, मिनेसोटाचा. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला आणि राज्यभरात १०० शाळांची मर्यादा घातली. राज्यातली पहिली चार्टर शाळा तुमच्यापासून फार लांब नाही, सॅन कार्लोसला सुरू झाली. १९९८ मध्ये मर्यादा २५० वर नेली आणि पुढे दर वर्षी १०० ने वाढत जाईल अशी सोय केली, म्हणजे व्यवहारात ती उरलीच नाही. आज राज्यात सुमारे तेराशे चार्टर शाळा आहेत. सरकारी शाळांतल्या साधारण दर आठ मुलांमागे एक मूल त्यांत शिकतं.

मान्यता कोण देतं

चार्टर शाळा काढू पाहणारा गट एक अर्ज तयार करतो. त्याला पिटिशन म्हणतात. शेकडो पानांचा हा दस्तऐवज असतो आणि कायद्याने ठरवलेले पंधरा घटक त्यात यावेच लागतात: अभ्यासक्रम, मुलांनी काय साध्य करायचं आणि ते कसं मोजायचं, कारभाराची रचना, शिक्षकांची पात्रता, प्रवेशाची पद्धत, शिस्तीचे नियम, ऑडिट, अगदी शाळा बंद करायची वेळ आली तर मालमत्ता आणि मुलांच्या नोंदींचं काय करायचं इथपर्यंत. नव्या शाळेच्या अर्जावर अपेक्षित मुलांच्या निम्म्या संख्येइतक्या पालकांच्या किंवा अपेक्षित शिक्षकांपैकी निम्म्यांच्या सह्या लागतात. अर्ज स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे जातो. डिस्ट्रिक्टने ६० दिवसांत जाहीर सुनावणी घ्यायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा. नकार मिळाला तर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शिक्षण मंडळाकडे अपील करता येतं. मान्यता देणाऱ्या संस्थेला सगळे ऑथोरायझर म्हणतात. तुमच्या सांता क्लारा काउंटीत बऱ्याच शाळांची ऑथोरायझर काउंटीच आहे, म्हणून तुमच्या शाळेची कोण आहे हे आधी विचारून घ्या.

मंजूर झालेला अर्ज म्हणजे शाळेचा करार. शाळेने त्यात जे लिहिलं तेच करायचं. नवीन इयत्ता जोडायची, दुसरी जागा उघडायची, अभ्यासक्रमाचा गाभा बदलायचा, तर ऑथोरायझरची नव्याने मंजुरी लागते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षणविषयक कायद्याच्या बऱ्याच कलमांतून चार्टर शाळा मोकळ्या असतात. जे मोकळं केलं त्याच्या जागी हा करार येतो. तरीही बोर्डावर येऊन वर्ष झालेल्या लोकांनी तो वाचलेला नसतो असं मला वारंवार दिसतं. तुम्ही तसं करू नका.

या सगळ्या व्यवस्थेची खरी गाठ मात्र वेगळीच आहे. डिस्ट्रिक्ट चार्टरला मान्यता देतं, तिच्यावर देखरेख ठेवतं, आणि त्याच शाळेमुळे स्वतःची मुलं आणि त्यांच्यामागचा पैसा गमावतं. वीस मुलं गेली तर ती एका वर्गातून जात नाहीत, दहा वर्गांतून दोन-दोन जातात. शिक्षक कमी करता येत नाही, इमारतीचा खर्च तोच राहतो, उत्पन्न मात्र घटतं. त्यामुळे बोर्डाच्या सभेत डिस्ट्रिक्टचे लोक चार्टरविषयी चिडून बोलले तर त्यामागे आकडे असतात. आणि जो आपल्यामुळे तोट्यात जातो त्याच्याच हाती आपलं नूतनीकरण, म्हणून चार्टरवाले धास्तावलेले असतात. त्यांचंही चूक नाही.

२०१९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आणि फेब्रुवारीत ओकलंडच्या शिक्षकांनी संप केला. दोन्ही ठिकाणी चार्टरच्या वाढीचा मुद्दा मागण्यांत होता. त्याच वर्षी एबी १५०५ हा कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून चित्र बदललं. आधी डिस्ट्रिक्टला आर्थिक नुकसानीच्या कारणावरून नकार देता येत नव्हता. आता नव्या अर्जाच्या वेळी समाजाचं हित आणि डिस्ट्रिक्टची आर्थिक स्थिती पाहता येते. डिस्ट्रिक्ट दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असेल तर नकारच गृहीत धरला जातो. अर्जदाराला तो खोडून काढावा लागतो. राज्य शिक्षण मंडळ पूर्वी स्वतः मान्यता देऊन ऑथोरायझर होऊ शकत असे. आता ते फक्त खालच्या मंडळाने अधिकाराचा गैरवापर केला का एवढंच तपासतं.

नूतनीकरणाच्या वेळी शाळेचे राज्याच्या डॅशबोर्डवरचे, म्हणजे शाळांच्या जाहीर निकालतक्त्यावरचे, निकाल पाहून तीन गट पडतात. वरच्या गटाला पाच ते सात वर्षं मिळू शकतात, मधल्या गटाला पाच. खालच्या गटातल्या शाळेला नकार हाच नियम आहे. सुधारणेचा ठोस आराखडा दाखवला तर फार तर दोन वर्षं. मला हा बदल एकंदर योग्य वाटतो. पण मधल्या गटात बहुसंख्य शाळा पडतात आणि तिथे ऑथोरायझरला मतप्रदर्शनाला भरपूर वाव उरतो. तुमची शाळा कोणत्या गटात आहे आणि चालू मुदत कधी संपते, हे शाळेत जाऊन पहिल्याच भेटीत विचारा.

मुलामागचा पैसा

२०१३-१४ पासून कॅलिफोर्नियात शाळांना पैसे एका सूत्राने मिळतात. त्याला सगळे एलसीएफएफ म्हणतात. डिस्ट्रिक्टला आणि चार्टरला सूत्र एकच. इयत्तांचे चार गट आणि प्रत्येकाचा पायाभूत दर. २०२४-२५ मध्ये तिसरीपर्यंत १०,०२५ डॉलर, चौथी ते सहावी १०,१७७, सातवी-आठवी १०,४७८ आणि नववी ते बारावी १२,१४४. तिसरीपर्यंतच्या दरावर वर्ग लहान ठेवण्यासाठी १०.४ टक्के वाढ मिळते, म्हणजे ११,०६८.

यावर गरजेनुसार भर पडते. इंग्रजी शिकत असलेली, कमी उत्पन्नाच्या घरातली आणि फॉस्टर केअरमध्ये (आई-वडिलांऐवजी सरकारने सोपवलेल्या कुटुंबात) वाढणारी मुलं मोजतात. एक मूल दोन गटांत बसलं तरी एकदाच मोजतात. अशा प्रत्येक मुलामागे पायाभूत दराच्या २० टक्के जास्त. शाळेत अशी मुलं ५५ टक्क्यांहून अधिक असतील तर त्या वरच्या भागासाठी आणखी ६५ टक्के. पण चार्टरच्या बाबतीत एक मेख आहे: ही शेवटची भर मोजताना शाळेचं प्रमाण ती ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे त्याच्या प्रमाणापेक्षा जास्त धरत नाहीत. समजा शाळेतली ८० टक्के मुलं गरजू गटात आहेत, पण डिस्ट्रिक्टमध्ये प्रमाण ४० टक्के आहे. मग त्या शाळेला ही भर शून्य. सिलिकॉन व्हॅलीत श्रीमंत वस्तीच्या कडेला उभ्या असलेल्या आणि मोलमजुरी करणाऱ्यांची मुलं शिकवणाऱ्या शाळांना हा नियम फार जाचतो. श्रीमंत हद्दीत शाळा काढून गरीब मुलांच्या नावाने जादा अनुदान घेऊ नये हा त्याचा हेतू आहे, पण फटका बसतो तो त्या मुलांनाच.

पैसा पटावरच्या संख्येवर मिळत नाही, सरासरी दैनिक हजेरीवर मिळतो. सगळेजण तिला एडीए म्हणतात. समजा तिसरीपर्यंतची शाळा आहे, पटावर ४०० मुलं. बजेट करताना ९५ टक्के हजेरी धरली, म्हणजे ३८० एडीए. हिवाळ्यात सर्दी-तापाची साथ आली, डिसेंबरात कुटुंबं तीन-तीन आठवडे भारतात गेली आणि हजेरी ९२ टक्क्यांवर आली. एडीए ३६८. बारा एडीएचा फरक गुणिले ११,०६८ म्हणजे १,३२,८१६ डॉलर. विमा आणि पेन्शन धरून एका अनुभवी शिक्षकावर वर्षाला जेवढा खर्च होतो, त्याच्या आसपासची ही रक्कम. आपल्या लोकांना माझी कळकळीची विनंती आहे: सुट्टी वाढवून गावी जाणार असाल तर आधी शाळेला कळवा. स्वतंत्र अभ्यासाचा लेखी करार करून मुलाने गृहपाठ पूर्ण केला तर ती हजेरी धरता येते. शाळेचं आर्थिक नुकसान टळतं आणि मुलाचाही अभ्यास बुडत नाही.

शिवाय पट घसरला तर डिस्ट्रिक्टला चालू वर्षाची, मागच्या वर्षाची किंवा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीची, यांतली जी जास्त असेल ती हजेरी धरता येते. चार्टरला हे कवच नाही. तिला चालू वर्षाची हजेरी, बस्स. बे एरियात घरं परवडेनात म्हणून तरुण कुटुंबं ट्रेसी-मॉडेस्टोकडे सरकताहेत, जन्मदर घटतोय, शाळांचे पट कमी होताहेत. अशा काळात चार्टरच्या बोर्डाने जुलैत ठरवलेलं बजेट ऑक्टोबरात पुन्हा मांडलंच पाहिजे.

तीन नळ

एलसीएफएफची एकूण रक्कम ठरली की ती तीन नळांतून येते. पहिला स्थानिक मालमत्ता कराचा. डिस्ट्रिक्ट आपल्या कर उत्पन्नातला वाटा दर महिन्याला चार्टरकडे वळवतं, त्याला इन-लू म्हणतात. दुसरा ईपीएचा, म्हणजे २०१२ च्या प्रपोझिशन ३० ने (मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्तावाला प्रपोझिशन म्हणतात) वाढवलेल्या करांतून उभा केलेला शिक्षणनिधी. २०१६ च्या प्रपोझिशन ५५ ने त्यातल्या उच्च उत्पन्नावरच्या कराला मुदतवाढ दिली. तिसरा राज्याच्या तिजोरीचा. पहिले दोन वजा जाता जे उरेल ते राज्य भरतं.

ऑथोरायझर काउंटी असली तरी इन-लू डिस्ट्रिक्टलाच द्यावं लागतं. डिस्ट्रिक्टने नाकारलेल्या, काउंटीने मंजूर केलेल्या शाळेला डिस्ट्रिक्ट दर महिन्याला पैसे पाठवतं. संबंध का ताणलेले असतात ते यावरून कळेल.

तुमच्या भागात यात आणखी एक पेच आहे. काही डिस्ट्रिक्टांचा मालमत्ता कर इतका जमतो की त्यांचं एलसीएफएफ त्यातूनच भरतं आणि वर उरतं. पालो आल्टो, लॉस आल्टोस ही उदाहरणं. यांना बेसिक एड म्हणतात. सामान्य डिस्ट्रिक्टमधून मूल चार्टरला गेलं तर डिस्ट्रिक्टच्या वाटणीतून जाणाऱ्या इन-लूची भरपाई राज्याच्या मदतीतून आपोआप होते. बेसिक एड डिस्ट्रिक्टला राज्याची तशी मदत मिळतच नाही, त्यामुळे तिथे चार्टरकडे गेलेला प्रत्येक डॉलर थेट डिस्ट्रिक्टच्या खिशातून जातो. एकाच राज्यात एका डिस्ट्रिक्टला चार्टर शाळा सुसह्य वाटते आणि शेजारच्याला ती असह्य होते, याचं अर्धंअधिक कारण हे आहे. लोक तत्त्वांवर वाद घालतात, पण त्याखाली हा हिशेब वाहत असतो.

एलसीएफएफखेरीज केंद्र सरकारचा निधी, शाळेतल्या जेवणाचा निधी, राज्य लॉटरीचा लहानसा वाटा आणि विशेष गरजांच्या मुलांसाठीचा निधी येतो. शेवटच्याकडे नीट लक्ष द्या. विशेष शिक्षणाचा पैसा शाळांच्या गटांमार्फत वाटला जातो, त्यांना सेल्पा म्हणतात. चार्टरला डिस्ट्रिक्टचा भाग म्हणून राहता येतं किंवा स्वतंत्र सदस्य म्हणून एखाद्या सेल्पात जाता येतं. एल डोराडो काउंटीचं चार्टर सेल्पा राज्यभरातल्या शाळांना घेतं. स्वतंत्र झाल्यावर पैसा तुमच्या हातात, पण कायदेशीर जबाबदारीही पूर्ण तुमची. एखाद्या मुलाला खास निवासी शाळेत ठेवावं लागलं तर तो खर्च लहान शाळेचं वर्षाचं गणित उलटंपालटं करतो. ते करायचंच असतं, मुलाचा तो हक्क आहे. म्हणून गंगाजळी हवी.

रोकड

बजेटमध्ये शिल्लक दिसते आणि खात्यात पगाराला पैसे नसतात, ही अवस्था मी अनेक शाळांत पाहिली आहे. राज्याचा हप्ता जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी ५ टक्के आणि पुढे दर महिन्याला ९ टक्के असा येतो. जानेवारीपर्यंतचे हप्ते गेल्या वर्षीच्या हजेरीवर बेतलेले असतात. ३१ डिसेंबरपर्यंतची हजेरी कळवल्यावर फेब्रुवारीत आकडे दुरुस्त होतात, आणि १५ एप्रिलपर्यंतच्या हजेरीवर वर्षाचा मुख्य हिशेब ठरतो. म्हणजे यंदा तुमच्या शाळेने साठ मुलं जास्त घेतली असतील तर त्यांच्यासाठी शिक्षक आणि बाकं ऑगस्टमध्ये लागली, पण त्यांचे पैसे खऱ्या अर्थाने फेब्रुवारीपासून. वाढणाऱ्या शाळा बुडतात त्या अशा.

त्यात राज्य अडचणीत आलं की हप्ते पुढे ढकलतं. २००८ नंतरच्या मंदीत हे वर्षानुवर्षं चाललं, आणि २०२१ मध्ये फेब्रुवारी ते जूनचे हप्ते पुढच्या आर्थिक वर्षात गेले. मोठं डिस्ट्रिक्ट स्वस्तात कर्ज काढतं. एकट्या चार्टरला आपली येणी विकून जबर दराने पैसे उचलावे लागतात. बोर्डाच्या प्रत्येक सभेत नफा-तोट्याच्या पत्रकाआधी बारा महिन्यांचा रोकड अंदाज मागा. तो नसेल तर पुढच्या सभेपर्यंत तयार करून घ्या. हातात किमान दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड असावी असं माझं मत आहे.

छप्पर

डिस्ट्रिक्ट मतदारांसमोर जाऊन रोखे काढू शकतं, कर लावून ते फेडू शकतं. चार्टरला कर लावता येत नाही. म्हणून जागा ही तिची कायमची डोकेदुखी. नोव्हेंबर २००० च्या प्रपोझिशन ३९ ने एक देवाणघेवाण केली: शाळांच्या रोख्यांसाठी दोन तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतं पुरतील, आणि त्या बदल्यात डिस्ट्रिक्टने आपल्या हद्दीतल्या मुलांसाठी चार्टरला इतर शाळांच्या तोडीची जागा द्यायची. हद्दीतली किमान ८० एडीए लागते. अर्ज १ नोव्हेंबरपर्यंत करायचा, डिस्ट्रिक्टचा पहिला प्रस्ताव १ फेब्रुवारीपर्यंत येतो आणि अंतिम १ एप्रिलपर्यंत. जागा एका वर्षाचीच मिळते, दर वर्षी हेच चक्र.

तोडीची जागा म्हणजे काय, यावर तुमच्याच काउंटीत मोठा खटला झाला. लॉस आल्टोस डिस्ट्रिक्टने २००३ मध्ये आपली एक शाळा बंद केली. तिथल्या पालकांनी बुलिस चार्टर शाळेचा अर्ज केला, काउंटीने मान्यता दिली आणि २००४ मध्ये शाळा उघडली. जागेवरून वाद कोर्टात गेला. २०११ मध्ये अपील न्यायालयाने चार्टरच्या बाजूने निकाल दिला: इतर शाळांशी तुलना करताना डिस्ट्रिक्टने वर्गखोल्यांबाहेरची जागा नीट मोजलेली नव्हती. पुढेही दोन्ही बाजूंचे वकील बराच काळ कामाला लागले होते. ते पैसे मुलांच्या वर्गात गेले असते.

खाजगी इमारत भाड्याने घेतली तर २००१ चा एसबी ७४० हा कायदा कामाला येतो. सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं किमान ५५ टक्के असतील किंवा शाळा तशा वस्तीत असेल, तर भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत किंवा दर एडीएमागे ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत मदत मिळते. सॅन होजेचे भाव पाहता ही मदत मिळते की नाही यावर शाळेचं अस्तित्व ठरू शकतं. हे प्रमाण ५५ च्या आसपास रेंगाळत असेल तर पात्रतेचे अर्ज भरून घेणारी कार्यालयातली बाई शाळेतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती समजा.

देखरेख चुकते तेव्हा

ऑथोरायझरने शाळेला वर्षातून किमान एकदा भेट द्यायची, आर्थिक स्थितीवर लक्ष ठेवायचं, आणि त्यासाठी एलसीएफएफच्या १ टक्क्यापर्यंत शुल्क घ्यायचं. जागा जवळजवळ फुकट दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत. मोठ्या डिस्ट्रिक्टला ही रक्कम किरकोळ असते. पण मोजकी मुलं असलेल्या एखाद्या ग्रामीण डिस्ट्रिक्टने हजारो मुलांच्या ऑनलाइन चार्टरना मान्यता दिली तर हे शुल्क त्याचं मोठं उत्पन्न होऊन बसतं, आणि प्रश्न विचारायची इच्छा कमी होते.

ए-थ्री प्रकरणात हेच दिसलं. २०१९ च्या मे महिन्यात सॅन डिएगोत अकरा जणांवर आरोप ठेवले गेले. ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्यात खेळाच्या शिबिरांतून मुलांची नावं नोंदवली जात. त्यांतल्या अनेकांना शिक्षण असं मिळालंच नाही, आणि राज्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले गेले. दोन्ही सूत्रधारांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. यानंतर वर्गाबाहेर शिकवणाऱ्या नव्या चार्टरना काही वर्षं बंदी होती. तुमची शाळा वर्गात शिकवणारी आहे, तिला ही बंदी लागू नव्हती. पण धडा बोर्डांसाठी आहे: त्या शाळांनाही बोर्डं होती. कागदावर सभा होत होत्या, ठराव मंजूर होत होते. शाळेचा पैसा ज्या कंपन्यांकडे जात होता त्या कोणाच्या, हे विचारायला हवं होतं ते बोर्डाने.

तुमच्यावर काय येतं

२०१९ च्या एसबी १२६ या कायद्याने सगळा संशय संपवला. चार्टरच्या बोर्डाला ब्राउन कायदा, म्हणजे सार्वजनिक मंडळांच्या सभा खुल्या ठेवण्याचा कायदा, लागू आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, तिच्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही, लोकांना बोलू द्यायचं. बहुसंख्य सदस्यांनी ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर शाळेच्या कामाची चर्चा केली तर तीही बेकायदा सभा ठरते. आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीची सवय असलेल्यांना हे अवघड जातं. तिथे निम्मे निर्णय ग्रुपवरच होतात. शाळेची कागदपत्रं माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली कुणीही मागू शकतं. आणि बोर्डावरच्या माणसाचा ज्या करारात आर्थिक हितसंबंध आहे तो करार शाळेने करायचाच नाही. तुम्ही बाजूला बसून मत दिलं नाही तरी भागत नाही. तुमची किंवा तुमच्या पत्नीची सॉफ्टवेअर कंपनी शाळेला काही विकत असेल तर बोर्डावर येण्याआधी वकिलाला विचारा.

शाळा चालवणं नफ्याच्या कंपनीकडे सोपवता येत नाही. एबी ४०६ या कायद्याने १ जुलै २०१९ पासून ते बंद केलं. विनानफा व्यवस्थापन संस्था चालते. तुमच्या शाळेचं तसं असेल तर तिच्याशी झालेला करार वाचा: शुल्क किती टक्के, ती काय काम करते, आणि करार मोडायचा अधिकार बोर्डाकडे आहे का. मुख्याध्यापिकेची नेमणूक आणि मूल्यमापन बोर्ड करतं की ती संस्था, यावरून खरी सत्ता कोणाकडे आहे ते कळेल.

वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे: १ जुलैपर्यंत बजेट, १५ सप्टेंबरपर्यंत मागच्या वर्षाचे ऑडिट न झालेले हिशेब, १५ डिसेंबरपर्यंत पहिला अंतरिम अहवाल आणि गेल्या वर्षाचं ऑडिट, १५ मार्चपर्यंत दुसरा अंतरिम अहवाल. या तारखांच्या आधीच्या सभा चुकवू नका. ऑडिटमधले आक्षेप स्वतः वाचा. हजेरीच्या नोंदींवरचा आक्षेप दिसला तर थांबून खोलात जा, कारण तिथून राज्य पैसे परत मागू शकतं.

हो म्हणण्याआधी शाळेकडून चार कागद घ्या: मंजूर पिटिशन, मागच्या दोन वर्षांची ऑडिटं, चालू रोकड अंदाज आणि ऑथोरायझरचं शेवटचं वार्षिक पत्र. मग बोर्डाच्या एका सभेला नुसतं प्रेक्षक म्हणून जा. ती खुली असते, परवानगी लागत नाही. सदस्य आकड्यांवर प्रश्न विचारतात की मुख्याध्यापिकेचं ऐकून हात वर करतात, हे एका संध्याकाळीत दिसतं. प्रश्न विचारणारं बोर्ड असेल तर जरूर जा. आकडे समजणारा आणि मूल त्याच शाळेत असलेला सदस्य मिळणं अवघड असतं. नेमणूक झाल्यावर तीस दिवसांत आर्थिक हितसंबंधांचा फॉर्म ७०० भरावा लागतो, त्यात शेअर्स आणि भाड्याने दिलेली घरंही येऊ शकतात. तो कुठे जमा करायचा आणि त्यात नेमकं काय जाहीर करायचं, हे शाळेच्या हितसंबंध संहितेत लिहिलेलं असतं. तीही त्या चार कागदांबरोबर मागून घ्या.